व्याकरणाच्या तासानंतर

केंब्रिज विद्यापीठात एक लहानसा विभाग आहे. 'अँग्लो-सॅक्सन, नॉर्स आणि केल्टिक' हे त्याचे लांबलचक नाव. आद्याक्षरे जुळवून तिथले विद्यार्थी स्वतःला 'एस्नॅक' म्हणवून घेतात. रोमन फौजा ब्रिटन सोडून गेल्यानंतरची सहा-सातशे वर्षे हा त्यांचा प्रांत. जुनी इंग्रजी, जुनी नॉर्स, मध्ययुगीन वेल्श, मध्ययुगीन आयरिश, त्या बेटांवर लिहिली गेलेली लॅटिन आणि या सगळ्यांची हस्तलिखिते वाचण्याची विद्या, असा एकूण ऐवज. ज्या रूपात त्या अभ्यासल्या जातात, त्या रूपात यांतली एकही भाषा आज कोणाच्या घरात बोलली जात नाही. आणि या विभागाच्या सावलीत विद्यार्थ्यांचे एक मंडळ नांदते. मंडळी एकत्र जेवतात, पबमध्ये बसून सागा, म्हणजे जुन्या नॉर्समधल्या गद्यकथा, वाचतात, जुन्या दगडी क्रुसांच्या आणि मठांच्या सहली काढतात, आणि सॅक्सो ग्रामॅटिकसच्या डेन्मार्कच्या इतिहासग्रंथाचे नाव वाकवून 'गेस्टा एस्नॅकोरम' नावाचा एक थट्टेचा अंकही काढत आली आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळे सुखवस्तू पोरांचे चाळे वाटण्याचा संभव आहे. मला मात्र वाटते की हे चाळे अभ्यासाच्या आड येत नाहीत, ते अभ्यासाचाच भाग आहेत, आणि तोही बिनमहत्त्वाचा नाही. बोलणारे उरलेले नसलेली भाषा वर्गात शिकवता येते. ती अंगात मुरते ती व्याकरणाच्या तासानंतर, अशा मंडळात.

याचे कारण साधे आहे. जिवंत भाषा शिकणाऱ्याला तिच्या बोलणाऱ्यांचे आयते छत्र मिळते. लिंग चुकले की दुकानदार हसतो, क्रियापद चुकले की शेजारीण दुरुस्त करते, आणि त्या हसण्यातून कान तयार होतो. जुनी इंग्रजी शिकणाऱ्याच्या चुकीला हसायला कोणी नसते. त्याच्या हाती असतो एक शब्दकोश, रूपांचे तक्ते आणि शिक्षकाची लाल खूण. तक्ता पाठ असणे आणि ऐकताक्षणी कानाला खटकणे यांत फार अंतर आहे, आणि ते एकट्याने खोलीत बसून कापता येत नाही. त्यासाठी चार माणसे लागतात, जी तुमच्या चुकीला हसतील आणि दुसऱ्या मिनिटाला स्वतःच चुकतील. मंडळ दुसरे काही करत नाही, ही हसणारी माणसे तेवढी निर्माण करते.

आणि ही युक्ती मुळी आजची नाहीच. इसवी सन 1000च्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या इंग्रज भिक्षूने मठातल्या मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी एक संवाद लिहिला. त्या मुलांच्या दृष्टीने लॅटिनही परकीच भाषा होती, कोणाच्याच आईची नसलेली. एल्फ्रिकने त्यांना सोंगे वाटून दिली. एक मुलगा नांगऱ्या झाला, दुसरा मेंढपाळ, तिसरा कोळी, कोणी शिकारी, कोणी चांभार, कोणी आचारी. नांगऱ्या सांगतो की कितीही थंडी असली तरी मला बैल जुंपावेच लागतात, मी स्वतंत्र नाही. कोळ्याला विचारतात, देवमासा का मारत नाहीस, तर तो सरळ कबूल करतो की भीती वाटते. शेवटी सगळ्यांत मोठा धंदा कोणाचा यावर भांडण जुंपते. मठाच्या भिंतींआड वाढणारी, नांगराला बहुधा हातही न लावणारी ही मुले सोंगाच्या निमित्ताने लॅटिनमध्ये तक्रार करायला, घाबरायला, हुज्जत घालायला शिकत होती. एल्फ्रिकचाच एक शिष्य, एल्फ्रिक बाटा, याने पुढे आणखी संवाद रचले. त्यांत मुले जास्त पेय मागतात, पोथी नकलून देण्याच्या मोबदल्यावर घासाघीस चालते, आणि एका जागी गुरू-शिष्य एकमेकांना अशा शेणामुताच्या शिव्या देतात की आजच्या पाठ्यपुस्तक मंडळाने त्या पानाला हातही लावला नसता. पण भाषा शिकवणाऱ्याचे तारतम्य त्यात आहे. ज्या भाषेत भांडता येत नाही, ती भाषा आपल्याला अजून आलेली नाही, हे त्या माणसाने ओळखले होते.

विसाव्या शतकातला सर्वांत बोलका पुरावा लीड्सचा आहे. 1920मध्ये जे. आर. आर. टॉल्किन तिथल्या इंग्रजी विभागात रुजू झाले. पुढे ई. व्ही. गॉर्डन हे त्यांचे सहकारी झाले, आणि दोघांनी मिळून विद्यार्थ्यांसाठी 'व्हायकिंग क्लब' काढला. बिअर पिणे, सागा वाचणे आणि गाणी म्हणणे हा कार्यक्रम. गाणी जुन्या इंग्रजीत, जुन्या नॉर्समध्ये, चक्क गॉथिकमध्येही रचलेली आणि ओळखीच्या चालींवर बसवलेली. यांतली काही गाणी 1936मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी हातछपाईच्या सरावासाठी 'साँग्ज फॉर द फिलॉलॉजिस्ट्स' या नावाने छापली. आता यात विद्या कुठे आली, असे कोणी विचारील. गॉथिकचेच उदाहरण घेऊ. गॉथिकचा जवळजवळ सगळा पुरावा चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने केलेल्या बायबलच्या भाषांतरातून येतो, आणि त्याचेही तुकडेच उरले आहेत. बायबलात बर्चचे झाड येत नाही. टॉल्किन यांना बर्चवर गाणे लिहायचे होते. म्हणजे त्या झाडाला गॉथिक लोक काय म्हणत असतील ते भगिनीभाषांतल्या रूपांवरून, ध्वनिबदलांचे नियम लावून, मागे मागे जात तयार करणे आले. मग त्याची विभक्ती, मग वृत्तात त्याचा आघात. परीक्षेत विद्यार्थ्याला एखादे रूप ओळखायला सांगतात आणि तो अंदाजाने उत्तर ठोकून सुटू शकतो. गाण्यात ते चालत नाही. तिथे प्रत्येक प्रत्यय स्वतः निवडावा लागतो आणि निवडीचे कारण मनात पक्के असावे लागते. गंमत म्हणून केलेले हे काम व्याकरणाच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेपेक्षा कडक आहे.

त्याचा परिणामही नोंदलेला आहे. 1925मध्ये ऑक्सफर्डच्या प्राध्यापकपदासाठी अर्ज करताना टॉल्किन यांनी लिहिले की साठेक विद्यार्थ्यांपैकी पाच जण बिचकत भाषाशाखेकडे आले होते, तिथून आता साहित्याकडे 43 आणि भाषेकडे 20 असे प्रमाण झाले आहे. नोकरीच्या अर्जात माणूस आपले कौतुक करतो, तेवढी सूट या आकड्यांना द्यायला हवी. शिवाय हे श्रेय एकट्या क्लबचे नाही, दोघेही शिक्षक असामान्य होते. तरी त्याच अर्जात व्हायकिंग क्लबचा उल्लेख त्यांना करावासा वाटला, आणि भाषाशास्त्राची दहशत विद्यार्थ्यांच्या मनातून गेली असे सांगावेसे वाटले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. गंभीर पदासाठीच्या गंभीर अर्जात बिअर आणि गाण्यांचा क्लब लपवण्याची गोष्ट त्यांना वाटली नाही.

मंडळातल्या थट्टेचे दुसरे समर्थन मला अधिक महत्त्वाचे वाटते, ते अभ्यासविषयाच्या स्वभावातून येते. आरंभीचे मध्ययुग म्हटले की आपल्यासमोर चिलखत, रक्त, धुके आणि दाढीवाले भिक्षू उभे राहतात. त्या काळाने मागे ठेवलेली पाने उलटली तर चित्र बदलते. एक्सेटरच्या कॅथीड्रलला बिशप लिओफ्रिक यांनी अकराव्या शतकात दिलेली एक पोथी आजही तिथेच आहे. जुन्या इंग्रजी कवितेच्या ज्या चार मोठ्या पोथ्या टिकल्या, त्यांतली ही एक. मधल्या काळात तिच्यावर काहीतरी ठेवून सुरी चालवली गेली, पातळ पदार्थ सांडला, शेवटची पाने जळक्या वस्तूने भोके पडून गेली. या पोथीत संत आहेत, विलाप आहेत, आणि नव्वदच्या वर कोडी आहेत. त्यांपैकी एकात बोलणारी वस्तू सांगते की मी ताठ उभी असते, खाली केसाळ असते, शेतकऱ्याची एखादी धीट पोर मला मुठीत धरते आणि तिचे डोळे ओले होतात. उत्तर कांदा. आपल्याकडच्या लग्नघरात बायकांच्या घोळक्यात जे चावट उखाणे चालत, त्यांच्याच जातीचे हे. पोथीत उत्तरे दिलेली नाहीत, आणि काही कोड्यांच्या उत्तरांवर अभ्यासक अजून भांडतात. असे कोडे एकट्याने वाचणारा माणूस टीप बघतो आणि पुढे जातो. पाच जणांच्या टोळक्यात ते मोठ्याने वाचले की आधी एकाला भलतेच उत्तर सुचते, तो ते उघड बोलायला लाजतो, दुसरा हसतो, मग सगळे कळून सवरून साळसूद उत्तर शोधू लागतात. कोडे रचणाऱ्याला नेमके हेच घडवायचे होते. म्हणजे टोळके जमवल्याशिवाय हा मजकूर पुरता वाचलाच जात नाही.

स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालच्या ग्रंथालयात प्रिस्किअनच्या लॅटिन व्याकरणाची एक प्रत आहे, नवव्या शतकाच्या मध्याला आयरिश लेखनिकांनी केलेली. मजकुराच्या ओळींमध्ये आणि समासात हजारो टिपा आहेत, त्यांतल्या पुष्कळशा जुन्या आयरिशमध्ये. त्या भाषेचे व्याकरण आज आपल्याला माहीत आहे, त्यात या टिपांचा मोठा वाटा. याच समासात एका लेखनिकाने चार ओळींची कविता लिहून ठेवली आहे. रात्री वादळ आहे, म्हणून आज समुद्रावरून नॉर्स लुटारू यायची धास्ती नाही, असा तिचा आशय. दुसरीकडे कोणीतरी ओघम या जुन्या आयरिश लिपीतल्या रेघांनी एकच शब्द खोदल्यासारखा लिहिला आहे, आणि त्याचा अर्थ लावला जातो तो अतिमद्यपानाने आलेली अवस्था. व्याकरणाची पोथी नकलताना आदल्या रात्रीचा हिशेब समासात, तोही गूढ लिपीत! फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारातही हेच वारे. यॉर्कहून तिथे गेलेला अल्क्विन आपल्या मित्रमंडळाला टोपणनावे देत असे. राजाला डेव्हिड, अँगिलबर्टला होमर, स्वतःला फ्लॅकस. तरुणांची बुद्धी तल्लख करण्यासाठी गणिती कोड्यांचा जो संग्रह त्याच्या नावावर सांगितला जातो, त्यात लांडगा, बोकड आणि कोबी होडीतून पैलतीरी नेण्याचे कोडे आहे. त्याची याहून जुनी लेखी नोंद सापडलेली नाही. आपल्याकडे शाळकरी मुलांना वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याचे म्हणून ते ठाऊक असते. ज्या काळाचे विद्वान असे वागत होते, त्यांचा अभ्यास भुवया आक्रसून केला तर अभ्यासकाला त्यांचा निम्मा भागच दिसेल. केंब्रिजच्या मुलांनी इतिवृत्ताच्या शैलीत आपल्याच प्राध्यापकांची टर उडवणे हे त्या परंपरेचे विडंबन कमी, पालन अधिक आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो टवाळीचा नव्हे, टोळीचा. अशी मंडळे आपली आपली होतात, आतल्या विनोदांवर पोसतात आणि बाहेरच्याला दारातच परका करतात. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. टॉल्किन यांनी 1926मध्ये ऑक्सफर्डला 'कोलबायटर्स' हे आइसलँडिक वाचनाचे मंडळ काढले, शेकोटीला चिकटून बसणाऱ्यांचे. त्याची रीत उत्तम होती. जाणकाराने बरीच पाने भाषांतर करून सांगायची, नवख्याने जमेल तेवढा परिच्छेद. सी. एस. लुइस नवखे म्हणून तिथे बसत. पण बसणारे सगळे पुरुष, सगळे अध्यापक. त्या शेकोटीभोवती जागा कोणाला मिळणार हे आधीच ठरलेले होते. मात्र याच काळात केंब्रिजला दुसरे उदाहरण घडत होते. एच. एम. चॅडविक 1912 ते 1941 अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते. त्यांनी आपला विषय इंग्रजी साहित्याच्या पंखाखालून काढून पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्राच्या शेजारी नेला, कारण शब्द, कायदा, थडगी आणि पुराणकथा एकत्रच वाचल्या पाहिजेत असा त्यांचा आग्रह. विद्यार्थ्यांची संख्या बेताची, शिकवणे बरेचसे घरच्या बैठकीसारखे. त्या वर्तुळातून फ्लॉरेन्स हार्मर, अ‍ॅग्नेस रॉबर्टसन, डॉरथी व्हाइटलॉक निघाल्या. पहिलीने राजाज्ञा संपादित केल्या, दुसरीने सनदा, तिसरीने मृत्युपत्रे. त्या काळातल्या इंग्लंडच्या इतिहासाचा कागदोपत्री पाया बऱ्याच अंशी या तिघींच्या हातचा आहे. केंब्रिज स्त्रियांना पुरती पदवी 1948पर्यंत देत नव्हते, हे शेजारी ठेवून पाहावे. विद्यापीठाने दारात अडवलेल्या बायकांना बैठकीत जागा होती. व्हाइटलॉक 1957मध्ये चॅडविक यांच्याच पदावर आल्या. चौथी विद्यार्थिनी नोरा केरशॉ. तिने चॅडविक यांच्याशी लग्न केले आणि दोघांनी 'द ग्रोथ ऑफ लिटरेचर' हा तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या दुसऱ्या खंडात रशियन आणि युगोस्लाव मौखिक काव्याच्या मांडीला मांडी लावून प्राचीन भारतीय वाङ्मय बसले आहे. तेव्हा लहान मंडळ बंदिस्तच असते असे नाही. आकार लहान असणे आणि दार बंद असणे या दोन गोष्टी वेगळ्या. दार कोण सांभाळतो यावर सगळे ठरते.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. युरोपच्या आणि अमेरिकेच्या वंशवाद्यांना हाच काळ प्रिय आहे. रून्स, हातोडे, व्हायकिंग जहाजे त्यांच्या झेंड्यांवर दिसतात, आणि 'अँग्लो-सॅक्सन' हे गोऱ्या रक्ताचे बिरुद म्हणून मिरवले जाते. याच कारणाने झालेल्या वादातून या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सभासदांनी 2019मध्ये आपल्या नावातून ते पद काढून टाकण्याचा कौल दिला. मग शिंगांची शिरस्त्राणे घालून मद्याचे चषक उंचावणारी विद्यार्थी मंडळे नकळत त्याच भट्टीला सरपण पुरवत नाहीत का? पोशाखापुरते बोलायचे तर पुरवू शकतात. (शिंगांचे शिरस्त्राण व्हायकिंगांनी लढाईत घातल्याचा पुरावा नाही, ते एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेराच्या रंगभूमीने दिलेले, पण पोशाखवाल्यांना पुराव्याशी देणेघेणे कुठे असते?) उतारा मात्र त्याच मंडळात आहे, आणि तो वाचनाचा आहे. शुद्ध रक्ताची कल्पना मूळ मजकुरापुढे दोन आठवडेही तग धरत नाही. 731मध्ये आपला इतिहास पुरा करणारा इंग्रज भिक्षू बीड सुरुवातीलाच सांगतो की या बेटावर पाच भाषा चालतात, इंग्रजी, ब्रिटिश (म्हणजे वेल्शची पूर्वज), आयरिश, पिक्टिश आणि लॅटिन. इंग्लंडच्या चर्चची घडी बसवणारा आर्चबिशप थिओडोर आला तो आजच्या तुर्कस्तानातल्या टार्ससचा. त्याच्या जोडीचा हेड्रियन जन्माने आफ्रिकेचा. या दोघांच्या कँटरबरीच्या शाळेत शिकलेले काही शिष्य मातृभाषेइतकी सफाईदार ग्रीक आणि लॅटिन बोलत, अशी बीडचीच साक्ष आहे. इंग्लंडमधल्या मर्शिया या राज्याचा राजा ओफा याच्या नावाचे एक सोन्याचे नाणे ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते बगदादच्या खलिफाच्या दिनाराची नक्कल आहे. अरबी अक्षरे न समजता कोरलेली, आणि त्यांच्यामध्ये लॅटिनमध्ये 'राजा ओफा', तेही अरबीच्या मानाने उलटे. एका विभागात इंग्रज, नॉर्स, वेल्श आणि आयरिश शेजारी शेजारी शिकवणे हीच मुळी शुद्धतेच्या दाव्याची रोजची तपासणी आहे. जुन्या नॉर्सची पहिली यादी पाठ करतानाच विद्यार्थ्याला कळते की इंग्रजांच्या तोंडातली रोजची सर्वनामेसुद्धा ज्यांना त्यांनी लुटारू म्हटले त्यांच्याकडून आली. वंशवादी माणूस या यादीपर्यंत सहसा पोचत नाही. त्याला चिन्ह पुरते, प्रत्यय नको असतात. जे मंडळ प्रत्ययांवर भांडते, ते त्याला लवकरच कंटाळवाणे वाटू लागते, आणि हा त्या मंडळाचा गुण समजावा.

उरला उपयोगाचा प्रश्न. तो मला फारसा अवघड वाटत नाही; ज्यांना तो पडतो, त्यांना तो भरतनाट्यमबद्दलही पडतो आणि बुरशीच्या वर्गीकरणाबद्दलही. अवघड आहे ते याच्या उलट टोकाचे म्हणणे: मंडळ इतके गुणकारी असेल, तर विभागच कशाला हवा? हौशी माणसे जमतील, वाचतील, गातील. पैसे वाचवू पाहणाऱ्या कुलगुरूंना हा युक्तिवाद फार आवडण्याजोगा आहे. 2021च्या सुरुवातीला लेस्टर विद्यापीठाने इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून मध्ययुगीन साहित्य काढण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा अशीच हवा होती. इथे माझ्या म्हणण्याला मीच लगाम घालतो. मंडळ कान तयार करते, पण शब्दकोश तयार करत नाही. टोरांटोत जुन्या इंग्रजीच्या नव्या कोशाचे काम 1970मध्ये सुरू झाले, आणि 2018मध्ये ते 'आय' या अक्षरापर्यंत पोचले होते. उरलेल्या प्रत्येक जुन्या इंग्रजी लेखातला प्रत्येक शब्द कोशकारांनी तपासायचा ठरवला, त्याला हा वेग. असे काम शनिवारच्या संध्याकाळी होत नाही. त्याला पगार, खोल्या आणि एका माणसाच्या आयुष्याहून लांब धीर लागतो. लीड्सचा क्लबही चालला तो दोन पगारी अध्यापकांच्या जोरावर.

पण हौस आणि पगार यांच्यामधली भिंत वाटते तितकी जाड नाही. 1892मध्ये लंडनला ऑर्कनी-शेटलंडकडच्या आणि उत्तरेच्या इतर प्रेमिकांनी एक व्हायकिंग क्लब काढला. सुरुवातीला त्याच्या अध्यक्षाला 'यार्ल' म्हणत, म्हणजे नॉर्स सरदार, आणि बाकी पदाधिकाऱ्यांनाही अशाच थाटाच्या पदव्या होत्या. शहाण्या माणसांनी तेव्हाही नाक मुरडले असणार. पदव्या पुढे गळाल्या, क्लबचे नाव बदलून व्हायकिंग सोसायटी फॉर नॉर्दर्न रिसर्च झाले, आणि तिचे 'सागा-बुक' हे नियतकालिक या विषयातले मान्यवर नियतकालिक ठरले. विद्यापीठांतल्या अध्यापकांनी संपादित केलेल्या स्नोरी या आइसलँडी लेखकाच्या एड्डा या ग्रंथाच्या आवृत्त्या, मायकेल बार्न्स यांचे जुन्या नॉर्सचे व्याकरण, वाचनपाठ, शब्दसूची ही सगळी पुस्तके या संस्थेने छापली आणि त्यांतली बहुतेक कोणालाही फुकट उतरवून घेता येतील अशी ठेवली. नाशिकच्या किंवा मडगावच्या एखाद्या मुलीला उद्या आइसलँडच्या सागा मुळातून वाचाव्याशा वाटल्या तर पहिल्या वर्षाला लागणारे साहित्य तिला पै न मोजता मिळेल. नंतर तिला शोधावे लागतील ते आणखी तिघे-चौघे, ज्यांच्यासमोर षष्ठी चुकली तर हसू होईल.